डाव्या खांद्यावरचा माठ

झुंबरला झाडांना पाणी घालायचं होतं, एवढंच. तेवढ्या कामासाठी तो रात्री तळ्यावर गेला. पुढचं सगळं त्याने माझ्या ओट्यावर बसून मला सांगितलं. त्यातलं थोडं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून सांगते. नाहीतर असल्या गोष्टी सांगत बसायला मला वेळ नाही.

आमच्या पोरांना सांगायची वेळ आली ती अशी. परवा रात्री साडेदहाला माझा भाचा अक्षय आणि माझी मुलगी दिशा चपला घालून दारात उभी. दिशाच्या हातात तो मोबाइल लावायचा दांडा.

"कुठं?"

"तळ्यावर, आत्या. रातबगळ्यांचा व्हिडिओ काढायचाय. अंधारात त्यांचे डोळे कसले लाल चमकतात!"

"चपला काढ आणि बस खाली."

"आई, अर्ध्या तासात येतो ग."

"तुझा अर्धा तास मला ठाऊक हाय. बस म्हटलं ना. आधी झुंबरचं ऐका. मग जायचं असेल तर जा, मी अडवायची नाय."

"आपल्या मागच्या खोलीत राहायचा तो झुंबरदादा? तो तर काम सोडून गावी गेला."

"का सोडलं, कधी विचारलंस?"

दोघं बसली. किडे येतात म्हणून मी ओट्यावरचा दिवा बंद केला आणि सांगायला लागले.

बोईसरहून तारापूरकडे जाताना आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या तोंडाशीच वडतळं. आठ वर्षांपूर्वी तिथं बाग केली. तळ्याभोवती फरशीचा फिरायचा रस्ता, बाकं, सौर दिवे, पक्ष्यांच्या चित्रांचा फलक. सकाळी कारखान्यातली, वीज केंद्रातली माणसं फिरायला येतात. पाणकोंबड्या आहेत, खंड्या आहेत, दगडावर ऊन खाणारी कासवं आहेत. एक घोरपड आहे, ती दिसली की वसाहतीतल्या बायका गाव गोळा करतात. मी फाटकासमोर सुकी मासळी घेऊन बसते, मला सगळं दिसतं.

तळ्याला फेरी मारायची आमच्या गावाची एक रीत आहे. पाणी उजव्या हाताला ठेवायचं. देवळाला फिरतो तसं. बागेच्या ठेकेदाराने मात्र फरशीवर पांढरे बाण रंगवले ते नेमके उलटे. बाणाने चाललं की पाणी डाव्या हाताला येतं. बाहेरची माणसं बाणाने चालतात, आमची माणसं बाणाच्या विरुद्ध. समोरासमोर येतात, हसतात, बाजूला होतात. कुणी कुणाला काही सांगत नाही. आणि तळ्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात ती व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली आहेत ना, जिथे पोरं लटकतात, तिथे आधी आमची मसणवट होती.

"काय सांगते! मी रोज तिथं पुलअप मारतो," अक्षय म्हणाला.

"मार ना. जिवंतपणी जाऊन ये."

तो हसला. तेव्हा हसत होता.

झुंबर बीडकडचा. चार वर्षं माझ्या मागच्या खोलीत राहिला. बायको अर्चना, औद्योगिक वसाहतीत डबे भरायच्या कामाला. हा बागेत माळी, आणि रात्री गरज पडली तर राखणदारही तोच. कामाला वाघ. गावी म्हातारा बाप, नामदेव, आणि त्याला सांभाळणारी थोरली बहीण राहीबाई. आई लहानपणी गेली. बापाने दुसरं लग्न केलं नाही, भाकऱ्या थापून या दोघांना वाढवलं. झुंबर आठवड्याला फोन करायचा तर पहिला प्रश्न हाच, "आबा जेवले का?"

यंदाच्या पौषातली अमावस्या. अठरा जानेवारी, रविवार. रात्री साडेआठला राहीबाईचा फोन आला. मी भांडी घासत होते, मला ऐकू येत होतं.

"झुंबर, निघ. डॉक्टरनी घरी न्यायला सांगितलंय. आबा पाणी बी गिळंनात. सारखं तुझं नाव घेत्यात."

"निघतो, अक्का. पहाटं साडेपाचची गाडी हाय. उद्या रातच्याला पोचतो. आबांना म्हनावं, मी येतोय. तवर थांबा म्हनावं."

एवढं बोलून तो खाली बसला. अर्चना रात्रपाळीला गेलेली. मी त्याला भात वाढला, त्याने हात लावला नाही. मग त्याने ठेकेदाराला फोन केला. सोमवारी सकाळी दहाला वरचे साहेब बाग बघायला यायचे होते. तळ्याभोवती नवी झाडं लावलेली, दीडशे, फोटो काढून काढून लावलेली, आणि पंधरा दिवस मोटार जळाल्यामुळे सगळी माना टाकून बसलेली. ठेकेदार म्हणाला, झाडांच्या बुडाशी ओल दिसली पाहिजे, मग कुठं जायचं तिथं जा. ओल नाही दिसली तर परत येऊ नकोस.

बाप मरायला टेकलाय सांगितलं तरी हे बोलणं. माझ्या हाताला लागला असता ना तो ठेकेदार.

मी म्हटलं, "जाऊ दे काम खड्ड्यात. झोप दोन तास."

"झोप येनार हाय का, मावशी? इथं बसून काय करू? घालतो पानी आन् तिकडनंच गाडीला जातो."

अकराला निघाला. मी दारातून बघितला. डोक्यावर माकडटोपी, हातात मोबाइल, त्याचाच उजेड.

बागेत गेला तर सामानाच्या खोलीला कुलूप. बादल्या आत, पाइप आत, किल्ली ठेकेदाराच्या माणसाकडे. मग त्याला फाटकाजवळच्या पाणपोईचा माठ दिसला. उन्हाळ्यात भरायचा, थंडीत पालथा पडलेला. फाटकाच्या आत वीस पावलांवर तळ्याचा घाट. पायऱ्या उतरून त्याने माठ भरला. बुडाशी बारीक चीर होती, त्यातून धार लागली. तो मनाशी म्हणाला, बरंच झालं. वाकायला नको. नुसतं चालायचं, पाणी आपोआप बुडाशी पडेल.

झाडं पाण्याच्या कडेने लावलेली. म्हणजे बाणाने चाललं की डाव्या हाताला. म्हणून त्याने माठ घेतला डाव्या खांद्यावर. आणि निघाला बाणाने.

दिशाने इथे माझ्याकडे बघितलं. तिला कळलं. माझ्या सासऱ्याला नेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती, तिने बघितलेलं.

झुंबरला नाही कळलं. कसं कळणार? तो बीडचा, अग्नी दिलेली माणसं त्यानेही बघितलेली. पण त्याच्या डोक्यात एकच. साडेपाचची गाडी. उद्याची रात्र. आबा थांबतील का.

पहिली फेरी पाऊण किलोमीटरची, नीट झाली. सौर दिवे विझलेले, पण वडाखाली वटवाघळं चिरकत होती, पाणकोंबडी मधेच ओरडत होती. फिरून घाटाशी आला. समोर फाटक होतं. फाटकाबाहेर रस्त्याचा दिवा होता. माझ्या गल्लीतला कुत्रा भुंकत होता. तेव्हा निघाला असता तर...

नाही निघाला. निम्मीच झाडं ओली झालेली. पायऱ्या उतरला, माठ भरला, खांद्यावर घेतला.

टक्.

माठावर काहीतरी लागलं. मागून. त्याला वाटलं, वटवाघळाच्या तोंडातलं फळ पडलं. पुढे चालू लागला तर पाण्याच्या दोन धारा. एक आधीची, एक नवी.

आता वटवाघळं गप्प होती.

कोपऱ्याशी आला. व्यायामाच्या यंत्रांच्या तिथे. मोबाइलचा उजेड पुढे पडला, आणि रस्त्याच्या कडेला त्याला काहीतरी पांढरं दिसलं. कागद असतील. मग दिसलं की बगळे आहेत. तळ्यामधल्या बेटावर चिंचेचं झाड आहे, रोज रात्री शे-दोनशे बगळे तिथेच झोपतात. ते सगळे खाली उतरलेले. जमिनीवर. रस्त्याच्या बाहेरच्या कडेने एका ओळीत उभे. माना खाली घातलेल्या. एकही हलत नव्हता. पांढरे कपडे घालून माणसं उभी राहतात... तसे.

तेवढ्यात फोन वाजला. राहीबाई.

"झुंबर, आत्ता काय झालं बघ. आबा निपचित पडले हुते. कुनीतरी पाठीत दगड हानावा तसे उचलले गेले खाटंवरनं. आता नुसता श्वास वर वडत्यात. तू कुठं हायस?"

"अक्का, कवा झालं ह्ये?"

"आत्ता. धा मिंटं झाली आसतील."

दहा मिनिटांपूर्वी तो घाटावर होता.

मग त्याने आपल्या खांद्याकडे बघितलं. डावा खांदा. मातीचा माठ. दोन धारा. डाव्या हाताला पाणी...

"अक्का, आबा हायत ना? जित्ते हायत ना?"

फोन बंद पडला. उजेडही गेला.

पोरांनो, माणूस मेल्यावर त्याचा मुलगा पाण्याचा माठ डाव्या खांद्यावर घेऊन सरणाभोवती उलटा फिरतो. मागून एक जण दगडाने माठाला भोक पाडतो. तीन फेऱ्या; आधी एक धार, मग दोन, शेवटी तीन. मग माठ पाठीमागे टाकायचा आणि मागे न बघता निघायचं. संपलं. तिथून पुढे तो बाप या जगात नाही.

झुंबरच्या दोन धारा झाल्या होत्या. आणि बाप जिवंत होता.

तो मागे फिरला. उलटं चाललं तर झालेलं पुसून जाईल असं त्याला वाटलं. मागे वळला, दहा पावलं चालला. अंधारात पांढरा बाण दिसला. पुढेच तोंड केलेला. तळं कुठे? डाव्या हाताला.

पुन्हा वळला. पुन्हा बाण पुढे. पुन्हा तळं डावीकडे.

म्हणाला, बाजूने निघू. जाळीचं कुंपण दिसत होतं, पलीकडे शेत. रस्ता सोडून गवतात उतरला. गवत, गवत... आणि पायाखाली फरशी. समोर बाण.

माठ बाकावर ठेवला. नीट ठेवला. हात सोडले. धावला. खांदा ओला लागला म्हणून हात लावला.

माठ खांद्यावरच होता.

"मग टाकून द्यायचा ना," अक्षय हळूच म्हणाला. आता तो भिंतीला चिकटून बसला होता.

"टाकला म्हंजे झालं ना रे बाबा! टाकायचाच तर असतो तो. टाकला की बाप गेला."

टाकता येत नव्हता, ठेवता येत नव्हता, घेऊन बाहेर जाता येत नव्हतं. चालत राहिलं तर तिसरी फेरी. झुंबरला ती गाठायची नव्हती. पण घाट आलाच. पाण्याची चुळबुळ ऐकू आली म्हणून कळला. फाटकाकडे बघितलं. फाटक नव्हतं. नुसती जाळी, सलग. रस्त्याचा दिवा नाही, माझी गल्ली नाही, कुत्रा नाही. माठ तर त्याने भरलाही नव्हता, तरी काठोकाठ भरलेला.

आणि मागे कुणीतरी पायऱ्या चढून वर आलं.

चप्... चप्... ओले पाय. सावकाश.

आता इथे मला एक सांगायचं आहे. हे झुंबरला ठाऊक नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि मी चार वर्षांत त्याला सांगितलं नव्हतं.

बाग करताना तळ्यातला गाळ काढायला मजूर आणलेले. कुठले कुठले, हिंदी बोलणारे. त्यातला एक म्हातारासा माणूस घाटापाशी बुडाला. तिसऱ्या दिवशी वर आला. तोवर टोळी निघून गेलेली, आणि तो ज्याच्या हाताखाली होता तो मुकादमही पळालेला. नाव कुणाला माहीत नाही. पोलिसांनी कागद केले, नातेवाईक सापडले नाहीत, आणि शेवटी गावानेच कोपऱ्यावर लाकडं रचली. शंभर माणूस उभा होता. लाकडं गावाने दिली, तूप गावाने दिलं, अग्नी भटजीच्या सांगण्यावरून चौघांनी मिळून लावला. माठ कुणी धरेना.

का धरेना? आमची दर्यावरची माणसं. माठ धरणारा तो मुलगा ठरतो. त्याला दहा दिवस सुतक. सुतकात होडीला हात लावायचा नाही, जाळ्याला हात लावायचा नाही. आणि तो मार्गशीर्ष होता, बोंबलांचा भर. ओळखीचा नाही, पाळखीचा नाही, त्याच्यासाठी दहा दिवस होडी कोण बांधून ठेवणार? प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघत होता. माठ भरून ठेवलेला, तसाच राहिला. कुणीतरी पायाने कलंडून दिला.

"बाबा होते?" दिशाने विचारलं.

"तुझा बाप होता, माझा दीर होता, अक्षयचा बाप होता. आणि घरात बसून 'तुमी पुढं होऊ नका, हंगाम हाय' असं सांगणारी मी होते. तुझा बाप आत झोपलाय, उठव आणि विचार."

कुणी उठलं नाही.

तर. झुंबरच्या मागे पावलं लागली. तो चालला की चालत. त्याने ठरवलं, चालायचंच नाही. पाय रोवून उभा राहिला. फेरी चालल्याने होते ना? नाही चालत. सकाळ होईपर्यंत नाही चालत. माठाच्या दोन्ही भोकांवर हाताचे तळवे दाबले. धार थांबली.

उभा राहिला.

किती वेळ, त्याला सांगता आलं नाही. हात बधिर झाले. पाय फरशीला चिकटल्यासारखे.

मग त्याला डाव्या अंगाला एक बाक दिसलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. बाक सावकाश मागे गेलं.

मग एक रोप मागे गेलं.

मग दुसरं बाक.

तो उभाच होता. तळं फिरत होतं.

बगळ्यांची ओळ आली. आता त्या माना वर होत्या. तो पुढे सरकेल तशा त्याच्याकडे वळत होत्या.

कोपरा आला... गेला.

पुढे घाट. घाट म्हणजे संपलं.

झुंबर म्हणाला, मावशी, मी लई रडलो तवा. आबांना हाका मारल्या. देवाला मारल्या. काय झालं न्हाई. मागनं फकस्त चप्... चप्... मग मला वाटलं, ह्याला आबा कशाला पायजेल? ह्याचं आबांशी काय वैर? ह्याला माठ पायजेल. कुनाचा का खांदा आसंना.

मग तो बोलला. मागे न बघता.

"कोन हाय?"

काही नाही.

"बाबा, नाव तरी सांग."

काही नाही. पावलं थांबली. अगदी मानेजवळ. गाळाचा वास. शिळ्या पाण्याचा.

"माझा बाप जित्ता हाय. ह्ये पानी त्येचं न्हाई. तुजं कुनी केलं नसंल तर ह्ये तुजं. नाव नगं सांगूस. आजपस्नं मी तुजा ल्योक. पन माझ्या बापाला सोड."



त्याने भोकांवरचे हात काढले. दोन धारा सुटल्या.

मग त्याने स्वतःहून पाऊल उचललं. ओढला जात होता तो आता चालू लागला. उरलेली फेरी तो आपल्या पायांनी चालला. मागची पावलंही चालली. जोडीने, एकाच ठेक्यात. वडाखालून. फलकापाशी.

घाट आला.

टक्.

तिसरी धार.

खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून पायांवर. कोमट होतं ते पाणी, म्हणाला. पौषातल्या रात्री.

डोळे मिटले. माठ पाठीमागे टाकला.

फुटल्याचा आवाज आला नाही. पाण्यात पडल्याचाही नाही. कुणी हातात झेलावा तसं... काहीच नाही.

मग मुलाने करायचं राहिलेलं त्याने केलं. तोंडावर उलटा हात मारून बोंब ठोकली.

ती मी ऐकली. चार पस्तीस झाले होते. सातपाटीला माल आणायला जायचं म्हणून मी उठून चूल पेटवत होते. अमावस्येच्या रात्री, तळ्याकडून, एका माणसाची बोंब. आमच्याकडे ती बोंब एकाच वेळी मारतात. माझ्या हातातून काडेपेटी पडली. आणि लगेच तळ्यावरून फडफड फडफड, दोनशे बगळे एकदम उठल्याची.

मी बॅटरी घेऊन धावले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या आधी एकदा मी घरात बसून राहिले होते.

झुंबर फाटकाबाहेर, माझ्या मासळी मांडायच्या फळीवर बसला होता. दातावर दात वाजत होते, अंग तापाने फणफणलेलं. माकडटोपी कानांवरून गळ्यापर्यंत ओढलेली.

"काय झालं रे? आबा गेले का?"

"ठाऊक न्हाई. मावशी, गाडी."

"मागं बघितलंस?"

मी हे का विचारलं, मला माहीत नाही. त्याने मान हलवली. नाही.

मी त्याला चहा पाजला, माझं शालपांघरूण दिलं, रिक्षा करून बोईसरला नेऊन साडेपाचच्या गाडीत बसवला. ती नगरच्या फाट्यापर्यंतची, पुढे बीडला बदलायची. माझ्या मोबाइलवरून राहीबाईला फोन लावला. लागेना. तसाच गेला बिचारा. बाप आहे की नाही हे न कळता सोळा तास.

नऊ दिवसांनी सामान न्यायला आला तेव्हा सगळं बोलला, आणि तेव्हाच मीही त्याला त्या बुडालेल्या माणसाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, "नाव काय हुतं त्येचं?" मी म्हटलं, आमाला कुणालाच ठाऊक नाय. आणि मग त्याने शेवटचं सांगितलं, ते असं.

तो घरी पोचला सोमवारी रात्री नऊला. गल्लीत वळताना पाय उचलेनात. दाराशी चपला किती आहेत ते आधी बघितलं. दोनच जोड. आत दिवा होता. कुणी रडत नव्हतं.

नामदेव खाटेवर भिंतीला टेकून बसलेला. हातात पितळी, पितळीत दूध-भाकरी. राहीबाई घास कुस्करून देत होती. तिने सांगितलं, पहाटे साडेचारच्या पुढे आबांचा श्वास एकाएकी सरळ झाला. डोळे उघडले. पाणी मागितलं. तांब्याभर प्याले, एका दमात.

"आलास?" म्हातारा म्हणाला. "जेवलास का?"

झुंबरने दाराशी चपला काढल्या. तो खाटेजवळ गेला आणि पाया पडायला वाकला. तापामुळे दिवसभर टोपी डोक्यावरून काढली नव्हती, गाडीतही नाही. बापापुढे वाकताना काढली.

राहीबाईच्या हातातला घास खाली पडला.

म्हाताऱ्याने पितळी बाजूला ठेवली. हात मुलाच्या डोक्यावर ठेवला. गुळगुळीत डोकं. आत्ता वस्तरा फिरवल्यासारखं, एक ओरखडा नाही. मागे तेवढी शेंडी.

"झुंबर," म्हातारा म्हणाला, "कोण गेलं रे?"

झुंबरने हातातली टोपी उलटी करून बघितली.

आत एक केससुद्धा नव्हता.